एक हजार आठ पोपट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नाना, तुमच्या गाइडगिरीवर लिहा, पण एक अट आहे. खरं लिहा." ही अट नसती तर मी सगळा अंक एकट्याने भरून काढला असता आणि जाहिरातींनाही जागा उरली नसती. अट आहे म्हणून लेख आटोपशीर झालाय. वाचकांनी बाईंचे आभार मानावेत.

आमचं घर चिक्कडपल्लीचं. तीन पिढ्या सरकारी नोकरीत, शाळेत नाहीतर कोर्टात. मी पहिला बुडवा. "धाकटा काय करतो?" असं कुणी विचारलं की वडील गंभीरपणे सांगायचे, "तो पर्यटन खात्याकडे असतो." ते खोटं नव्हतं. खात्याच्या बसगाड्या जिथं उभ्या राहायच्या त्याच्या अगदी समोरच्या फुटपाथवर मी असायचो. आमच्या मालकाची एक खासगी बस होती, तिचा मी मराठी गाइड. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, एका दिवसात सगळं हैदराबाद. सत्तावीस वर्षं. चारमिनारच्या पायऱ्या मी इतक्या वेळा चढलोय की त्या सरळ एकावर एक रचल्या असत्या तर चंद्रावर बसून चहा प्यालो असतो.

लोकांना वाटतं गाइडचं काम म्हणजे इतिहास सांगणं. इतिहास दहा मिनिटांत संपतो. खरं काम तीनच. पाणी कुठं मिळेल, मोरी कुठं आहे, आणि नेलेली माणसं परत आणणं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. पस्तीस नेली तर पस्तीसच आणली पाहिजेत. छत्तीस आणली तरी बोलणी बसतात. मी एकदा आणली होती. नागपूरचे एक गृहस्थ चारमिनारपाशी आमच्या बसमध्ये चढले, आमच्याबरोबर जेवले, गोवळकोंड्याला प्रतिध्वनीची टाळी वाजवून आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "आमचा गाइड बदलला का हो? सकाळचा जरा कमी बोलत होता."

नवे गाइड डोकी मोजतात. डोकी मोजण्यासारखा मूर्खपणा नाही. डोकं हलतं, वाकतं, भजी घ्यायला जातं. तुम्ही अठरापर्यंत येता तोवर सातवा उठून अकराव्याच्या जागी बसलेला असतो. ही विद्या मला मल्लय्याने शिकवली. मल्लय्या गौलीगुड्याच्या बाजारामागे जो जुना गोसाव्यांचा मठ आहे, त्याच्या दरवाजावरचा राखणदार. मठाचं नाव मुद्दाम देत नाही. अट खरं लिहायची आहे, सगळं लिहायची नाही. मठात जाताना चपला बाहेर काढून त्याच्यासमोरच्या फळ्यांवर ठेवायच्या. एकदा मला आवारात डोकी मोजताना घामाघूम झालेला बघून तो म्हणाला, "गाइडसाब, आदम्याँ कैकू गिनते? आदमी भागता. चप्पल कां भागती?"

बोधिवृक्षाखाली जे व्हायचं ते मला त्या चपलांच्या फळीपाशी झालं. जाताना जोड मोजायचे, निघताना तेच जोड पायांत गेले की माणसं बाहेर आली. फळी रिकामी, मठ रिकामा. पुढे मी देवळं, दर्गे, गुरुद्वारा, सगळीकडे हेच करू लागलो. माझं एक माणूस कधी हरवलं नाही, आणि हे मी दर फेरीला माइकवरून सांगायचो.

आता मठाबद्दल. उत्तरेकडून शाली आणि घोडे घेऊन आलेल्या गोसाव्यांनी तो बांधला. बाहेरून गल्ली इतकी अरुंद की समोरून जाड माणूस आला तर दोघांची ओळख होतेच. पण त्या गल्लीत वळून दरवाजासमोर उभं राहिलं की माणूस बोलणं विसरतो. दोन मजली कमान, दोन्ही बाजूंना हत्ती, हत्तींच्या पाठीवर मोर, मोरांच्या चोचीत वेली, आणि त्या वेली महिरपींवरून आत शिरून चौकभर पसरलेल्या. हे सगळं दगडाचं वाटतं, पण आहे चुन्याचं. चुना, बारीक वाळू, गूळ, बेलफळाचा गर, सगळं महिना महिना भिजवून, बैलांच्या घाण्यात मळून, हाताने लिंपून केलेलं. ओलं असतानाच कोरायचं, वाळलं की संपलं. मी सांगायचो की गूळ इतका घातला होता की पहिल्या वर्षी मुंग्यांनी एका हत्तीची सोंड नेली. लोक हसायचे आणि हळूच हत्तीकडे बघायचे. त्या हत्तीची सोंड खरंच नाही. कशाने गेली कुणास ठाऊक.

आत चारी बाजूंनी लाकडी खांबांचा सज्जा, वर नक्षीचं छत, मधोमध मूळ पुरुषाची समाधी. आणि जिकडे बघावं तिकडे पोपट. खांबाच्या डोक्यावर पोपट, कमानीच्या टोकाला पोपट, सज्जाच्या कठड्याखाली रांगेने पोपट, आणि एकाचा डौल दुसऱ्यासारखा नाही. मी ठणकावून सांगायचो, "एक हजार आठ पोपट. एकही कमी नाही." कुणी मोजले असं विचारायची कुणाची छाती नव्हती. चौकाच्या कोपऱ्यात एक विहीर होती. तिच्याबद्दल मी सांगायचो की श्रावणात सोडलेली बादली दिवाळीत पाण्याला लागते.

तर ही गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा शहरात कंप्युटरच्या कंपन्या उघडायला लागल्या होत्या आणि पुण्या-मुंबईची मराठी पोरं नवराबायको जोडीने इकडे राहायला येत होती. पुण्याच्या आईवडिलांना वाटायचं पोरगं रेगिस्तानात गेलं. मग ते बघायला यायचे, आणि पोरं त्यांना रविवारी आमच्या बसमध्ये घालायची. नवा पैसा, नवी पिढी, आणि बसमध्ये पोरांच्या तोंडी अर्धं इंग्रजी. माझ्या मराठीतले "चौक" आणि "महिरप" समजले नाहीत की ती आपल्या आयांना विचारायची.

त्या रविवारी तारनाक्याच्या एका सोसायटीने अख्खी बस घेतली होती. पस्तीस माणसं. त्यांत श्रीकांत सबनीस नावाचा तिशीतला एक इंजिनियर, त्याची बायको मेधा, दोन लहान मुलं आणि त्याची आई, वत्सलाबाई. बारीक चणीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. सकाळी मठात मी पोपटांचा आकडा सांगितला तेव्हा सगळे "वा" म्हणाले. वत्सलाबाईंनी मात्र चष्मा पुसला आणि मला विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "आजी, नक्की."

त्या काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुण्याच्या बाईने "नक्की?" विचारून पुढे गप्प बसणं म्हणजे काहीतरी सुरू झालेलं असतं.

निघताना मी फळीकडे बघितलं. येताना चौतीस जोड मोजले होते, चौतीसच्या चौतीस पायांत गेले. पस्तिसावा जोड नाही याचं मला काही वाटलं नाही. कडेवरचं एखादं पोर असतंच. आमच्या पाठीमागे मल्लय्याने भला मोठा दरवाजा ओढून घेतला. दुपारी बाराच्या नैवेद्यानंतर मूळ पुरुषाची विश्रांती असते. चार वाजेपर्यंत दरवाजा उघडत नाही. तो वाजवायचा नाही, घंटा हलवायची नाही, कडीला हात लावायचा नाही. निजामाचा एक अंमलदार बाहेर चार तास उन्हात उभा राहिला आणि मग आत जाऊन रडला, असं मी सांगतो. तो अंमलदार माझा आहे, पण नियम खरा आहे.

काचीगुड्याला हॉटेलात जेवण होतं. पस्तीस ताटं मांडली होती. सगळे बसले आणि एक ताट उरलं.

मी पुरीचा पहिला घास घेतला होता तो तसाच राहिला. श्रीकांत मेधाकडे बघत होता, मेधा श्रीकांतकडे. तो बसच्या पुढच्या भागात मित्रांबरोबर बसला होता, ती मागे मुलांना घेऊन. त्याला वाटलं आई मागे आहे, तिला वाटलं आई पुढे आहेत. नवीन लग्न नव्हतं, तरी एकमेकांवर ओरडायचं त्यांनी तेव्हा टाळलं, हे मला अजून मोठं वाटतं. मेधा मुलांपाशी थांबली. ड्रायव्हर खाजामियाँ बस काढायला उठला, पण बाजाराच्या गर्दीत बस काय शिरणार. श्रीकांत आणि मी रिक्षात बसलो.

रिक्षात तो म्हणाला, "नाना, ती विहीर खरंच इतकी खोल आहे का?"

सत्तावीस वर्षांत मी खूप गोष्टी फुगवल्या. फुगवलेली गोष्ट परत लहान करायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली. मी म्हणालो, "छे हो. असेल चार-पाच पुरुष."

"सकाळी तुम्ही दिवाळी म्हणालात."

"ते बोलायचं असतं."

"कठडा गुडघ्याइतकाच होता," तो म्हणाला. "आईला नीट दिसत नाही."

खरी गोष्ट ही की त्या विहिरीत किती पाणी आहे, आहे की नाही, हे मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. मला माझी दिवाळी पुरेशी होती. मूसी नदीच्या वाऱ्यात एरवी लोक नाकाला रुमाल लावतात. मला त्या दिवशी वास आला नाही. माझा हात मात्र सारखा कपाळावर जात होता. नोकरी जाईल हे तर होतंच, पण तो विचार मला मूसीचा काठ सोडल्यावर आला, आधी नाही. हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मठाच्या गल्लीत दोन वाजता शुकशुकाट नव्हता. हमाल, हातगाड्या, पितळी भांड्यांची ठोकाठोक, सगळं चालू होतं. फक्त दरवाजा बंद. समोर ओट्यावर मल्लय्या पाय पसरून बसला होता. मी सांगितलं की एक म्हातारी बाई आत राहिलीय. त्याने न उठता रिकाम्या फळीकडे बोट दाखवलं.

"चप्पल नै तो आदमी नै, साब. आपइच बोलते ना."

माझीच विद्या माझ्याच तोंडावर. मी श्रीकांतला ऐकवलं की मल्लय्याची चूक होत नाही, फळी रिकामी आहे, म्हणजे तुमच्या आई बाहेर आल्या असणार, बाजारात कुठंतरी असतील. श्रीकांत फळीकडे बघत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, "आई चप्पल घालत नाही."

मल्लय्या पहिल्यांदा ओट्यावरून उठला.

श्रीकांतने सांगितलं ते असं. दहा महिने झाले, आईने चपला सोडल्या होत्या. का ते सांगत नव्हती. पुण्याहून रेल्वेने अनवाणी आली, तारनाक्याच्या तापलेल्या डांबरावर अनवाणी भाजी आणायला जाते. सोसायटीतले लोक त्याच्याकडे असं बघतात की एवढा पगार आणि आईला एक चपलांचा जोड नाही. त्याने तीन जोड आणले, तिन्ही तिने डब्यात घालून ठेवले. बायकोने विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. "माझं माझ्याजवळ" एवढंच उत्तर.

तो बोलता बोलता दरवाजाकडे निघाला आणि त्याने मूठ उचलली. मल्लय्याने त्याचं मनगट धरलं. वाईट वागला नाही, पण सोडलं नाही. म्हणाला, त्याच्या बापाने हा दरवाजा राखला, आजोबाने राखला, विश्रांतीत त्यावर कुणाचा हात पडलेला नाही, आज पडला तर आपण नोकरी सोडून गावी जाऊ. आतला कुणी ओरडला तर ऐकू येईल म्हणाला, पण आतून काही ऐकू येत नव्हतं. ओरडत नाही म्हणजे बरी आहे, की ओरडता येत नाही? हे तिघांच्याही मनात आलं आणि तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी विचारलं, "मल्लय्या, हात नाही लावत. पण बोलायचं काय? बोललेलं चालतं?"

त्याने विचार केला. तीन पिढ्यांचा नियम डोक्यात चाळून बघितला. समोरून एक पितळी घमेली विकणारा बोंबलत गेला. मल्लय्या म्हणाला, "बाताँ करो. बाताँ कू कौन मना कऱ्या. दरवाजे कू हात नक्को."

मग मी माझं एकुलतं एक कसब वापरलं. दरवाजापासून दोन पावलं मागे सरकलो, मान वर केली, आणि माइकशिवाय, घसा फाटेपर्यंत, सकाळचं भाषण पुन्हा सुरू केलं. हत्ती सांगितले, मोर सांगितले, चुन्यातला गूळ सांगितला. हमाल थांबले. भांड्यांची ठोकाठोक थांबली. मला वाटतं अफझलगंजच्या बसस्टँडवर एक-दोन बसगाड्या चुकून थांबल्या. आणि मग मी शेवटचा सूर लावला, "आणि या मठात, मंडळी, एक हजार आठ पोपट आहेत. एकही कमी नाही."

वरून, कमानीवरच्या सज्जाच्या जाळीतून, अगदी शांत आवाज आला.

"तीनशे अकरा. त्यातला एक कावळा आहे."

श्रीकांत गल्लीतच खाली बसला, त्या तापलेल्या फरशीवर. गुडघ्यांत डोकं घालून हसत होता की काय करत होता ते मी बघितलं नाही; माझेही डोळे कामातून गेले होते. मल्लय्या मात्र वर बघून म्हणाला, "हौ, कव्वा है. मेरे बाप बोलते थे."

चारला दरवाजा उघडला, एक क्षण आधी नाही. तोवर मल्लय्याने गल्लीत उभं राहून वरच्या जाळीशी संभाषण चालू दिलं. त्यात सगळं कळलं. वत्सलाबाईंनी आयुष्यात दोनदा लाख वाती केल्या होत्या, एकेक वात मोजून. लाख मोजणाऱ्या बाईला मी हजाराची थाप मारली होती. सकाळी "नक्की?" विचारल्यापासून त्या वरच्या मजल्यावर चढून खांबाखांबाने मोजत होत्या. दोन वेळा मोजून आकडा जमला नाही म्हणून तिसऱ्यांदा. खाली दरवाजा कधी लागला ते कळलंच नाही. मग मठाचे महंतजी वर आले, त्यांनी खिचडी वाढली, आणि विश्रांतीची वेळ म्हणून वत्सलाबाई सज्जातच जरा लवंडल्या. विहिरीत पाणी आहे का, असं मी खालून विचारलं. म्हणाल्या, "आहे. चार हात. कळशी गेली आणि आली."

दरवाजा उघडल्यावर त्या कापडी पिशवी सावरत खाली आल्या. मागे महंतजी, पांढरी दाढी, हातात नुकतंच सोललेलं संत्रं. श्रीकांत पुढे झाला. त्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक, तोंडातून आलं ते असं, "आई, तू चपला का घालत नाहीस?"

महंतांसमोर त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू बँक सोडलीस. पक्की नोकरी. पुढे ही कसली कंपनी, आज आहे उद्या नाही. मी नवस बोलले, तुला पक्कं करेपर्यंत पायात काही घालणार नाही."

श्रीकांतचं तोंड उघडं पडलं. "अगं, मला पक्कं करून सात महिने झाले. कन्फर्मेशनचं पत्र टेबलाच्या खणात पडलंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्यात तसं काही नसतं. पक्कं असलं तरी लोक सोडून जातात."

वत्सलाबाईंनी आपल्या पायांकडे बघितलं. सात महिन्यांचं ऊन त्यांच्या तळपायांवर होतं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "शिक्का आहे का पत्रावर?"

"आहे."

"गोल?"

"चौकोनी."

बँकेचा गोल होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी महंतांकडे बघितलं. महंतजी संत्र्याची एक फोड त्यांच्या हातावर ठेवत म्हणाले, "चौकोनी भी चलता, माताजी."

झालं. एका फोडीत नवस सुटला.

मी बाजारातूनच त्यांच्यासाठी चपला आणल्या. श्रीकांत पैसे देत होता, मी घेतले नाहीत. तपकिरी, साध्या, अंगठ्याच्या. दहा महिन्यांनी पायात घातल्यामुळे त्या बदकासारख्या चालत होत्या आणि दर दहा पावलांनी थांबून खाली बघत होत्या. बस तोवर टेकडीवरच्या पांढऱ्या देवळापाशी पोचली होती. आम्ही रिक्षाने गेलो. पायथ्याशी मेधा मुलांना घेऊन उभी होती. सासूच्या पायांकडे लक्ष गेल्यावर ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आई, उजवी डाव्या पायात घातलीय." वत्सलाबाईंनी दोन्ही काढून बदलल्या.

देवळाच्या दाराशी त्यांनी दोन्ही चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि फळीवर न ठेवता माझ्यापुढे धरल्या.

"घ्या," म्हणाल्या. "मोजा."

पस्तीस जोड भरले. त्या दिवशी मी डोकीही मोजली. पुढेही दोन्ही मोजत राहिलो.

मालकाला मी ही गोष्ट सांगितली नाही. श्रीकांतनेही सांगितली नाही. पुढच्या वर्षी त्याने तीच बस पुन्हा घेतली, आणि पुण्याहून आईचे दोन चुलत दीर, एक नणंद आणि एक विहीण आली. सगळ्यांना मठातला कावळा बघायचा होता.

त्यानंतर मी पोपटांचा आकडा बदलला. तीनशे अकरा सांगू लागलो. खरं सांगायचं तर लोकांना तो आवडला नाही; हजाराची सर तीनशेला येत नाही. पण पाठोपाठ मी सांगायचो, "यातला एक कावळा आहे. शोधा." आणि सगळी बस एका क्षणात गप्प. पस्तीस माना वर, पाय जिथल्या तिथं, कुणी भजी घ्यायला जात नाही, कुणी जागा बदलत नाही. पाच मिनिटं असं चित्र. माझ्या धंद्यात इतकी शांत डोकी कुणी मोजली नसतील.

काही जणांना तो सापडायचा. ते बोट दाखवायचे, मी मान डोलवायचो, शाबासकी द्यायचो. प्रत्येक जण वेगळ्या खांबाकडे बोट दाखवायचा. मी कुणालाच चूक म्हटलं नाही. बाईंनी खरं लिहा म्हटलंय म्हणून लिहितो: मला तो कावळा कधीच दिसला नाही.